पंख्याची जागा: लालबागच्या एका घरातले स्प्रिंकलर

दाराजवळच्या डब्यात जेमतेम तीन मिलिमीटर पाणी जमले होते. खिडकीजवळचा डबा सहा सेंटिमीटरपर्यंत भरला होता. दोन्ही डबे एकाच खोलीत, आग लागली की पाणी फवारण्यासाठी छताला बसवतात तशा एकाच स्प्रिंकलरखाली, बरोबर दहा मिनिटे ठेवलेले. जिने हे डिझाइन केले होते ती मुलगी हातात फूटपट्टी घेऊन दाराजवळच्या डब्यासमोर बराच वेळ उकिडवी बसून राहिली. तिचे गणित मी आधी तपासले होते आणि ड्रॉइंगवर माझी सही होती. म्हणून हे प्रकरण जितके तिच्या शिक्षणाचे आहे तितकेच माझ्या शिकवण्याचे आहे.

घरांमध्ये स्प्रिंकलर कसे आखायचे आणि कसे बसवायचे हे मी शिकवतो. आमची शेड शिवडीच्या बाजूला आहे. त्या वेळी बारा जणांची तुकडी होती. सहा जण मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आलेले, ड्रॉइंग आणि हिशेब जमणारे, पण पान्याला हात न लावलेले. उरलेले सहा जण साइटवरचे फिटर. पंधरा-वीस वर्षे हायड्रंटच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या, लाइनी ओढलेले, पण कोणती लाइन किती जाडीची आणि का, हे कधी विचारायला न मिळालेले. आतापर्यंत पहिल्या गटाला मी डिझाइन शिकवत होतो आणि दुसऱ्याला जोडकाम. या खेपेला एक डिप्लोमावाला आणि एक फिटर अशा जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला एकेक खरे घर दिले. त्यातल्या एका जोडीचे हे घर.

लालबागमधल्या एका चाळीचा पुनर्विकास होऊन बावीस मजली इमारत उभी राहिली होती. स्लॅब आणि भिंती झाल्या होत्या, फिनिशिंग बाकी होते. फायर एनओसीत घराघरांत स्प्रिंकलर बसवण्याची अट होती. आमच्या जोडीकडे विसाव्या मजल्यावरचे एक बेडरूमचे घर आले. हॉल दहा फूट बाय सोळा फूट, छत साडेनऊ फुटांवर. घर मिळणार होते ते चाळीतल्या जुन्या भाडेकरू मावशींना. त्या तेव्हा काळाचौकीला भाड्याच्या खोलीत राहत होत्या. मुलगी ठाण्याहून येणारी, वय तेवीस. फिटर पन्नाशीचे, मूळचे राजापूरकडचे. ती त्यांना काका म्हणायची आणि ते तिला मॅडम.

आधी आमच्या अभ्यासक्रमातला एक घोळ सांगायला हवा, कारण चूक तिथूनच सुरू होते. घरातल्या स्प्रिंकलरवरचे छापील साहित्य बहुतांशी अमेरिकेतले आहे. तिथे कारखान्यांसाठीचे नियम 1896 पासूनचे. घरांसाठी वेगळा 13 डी नावाचा नियम 1975 साली आला आणि चार मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतींसाठी 13 आर हा 1989 साली. 13 डी लिहिला आहे तो एका किंवा दोन कुटुंबांच्या सुट्या घरासाठी. दोन हेड, म्हणजे स्प्रिंकलरची पाणी फवारणारी तोंडे, उघडली आणि पाणी दहा मिनिटे पुरले की त्याचे समाधान होते. माणसे दारातून अंगणात पळतील, एवढाच त्याचा हिशेब. विसाव्या मजल्यावरच्या माणसाला अंगण नाही. मुंबईतल्या उंच इमारतीला राष्ट्रीय इमारत संहिता 2016 चा चौथा भाग आणि स्प्रिंकलरसाठी आयएस 15105 हे भारतीय मानक लागू होते. पाण्याचा साठा, पंप, रायझर (मजल्यांवर जाणारा उभा पाइप) सगळे त्यावरून ठरते. आमच्या मुलीने रात्री बसून 13 डी वाचले आणि ‘घर’ हा शब्द पाहून तेच आपल्याला लागू, असे धरले. ती चूक पहिल्याच दिवशी सापडली आणि सुधारली. मात्र त्याच 13 डी मधला एक नियम तिने ठेवून घेतला आणि मीही हो म्हणालो. छताच्या पंख्याच्या मध्यापासून खाली तोंड केलेले हेड किमान तीन फूट, म्हणजे 91 सेंटिमीटर दूर हवे. मुंबईत पंख्याशिवाय खोली नाही, त्यामुळे हा नियम आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. तो घेतला यात चूक नव्हती.

आता तिचे गणित. घरांसारख्या हलक्या धोक्याच्या वर्गात एका हेडखाली जास्तीत जास्त 21 चौरस मीटर जागा चालते आणि दर चौरस मीटरला मिनिटाला 2.25 लिटर पाणी लागते. हॉल 3.05 गुणिले 4.88 मीटर, म्हणजे पंधरा चौरस मीटरहून किंचित कमी. एक हेड पुरेसे. आर्किटेक्टच्या इलेक्ट्रिकल ड्रॉइंगवर पंखा खोलीच्या मधोमध होता, म्हणून तिने हेड पंख्यापासून एक मीटर खिडकीकडे सरकवले. कागदावर दोन्ही अटी पुऱ्या झाल्या.

राहून गेली ती तिसरी अट. दोन हेडांमधले अंतर 4.6 मीटरपेक्षा जास्त नसावे आणि भिंतीपासून हेडचे अंतर त्याच्या निम्मे, 2.3 मीटरपेक्षा जास्त नसावे. हॉलची लांबी 4.88 आहे. म्हणजे हेड अगदी मधोमध असते तरी दोन्ही टोकांच्या भिंती 2.44 मीटरवर, चौदा सेंटिमीटर जास्त. खिडकीकडे सरकवल्यावर दाराकडची भिंत साडेतीन मीटरच्या आसपास गेली. क्षेत्रफळ बसले की माणूस निश्चिंत होतो. मीही झालो. लांबट खोल्यांत हाच सापळा असतो आणि चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतल्या खोल्या बहुधा लांबटच असतात.

हे आमच्या लक्षात आले ते डब्यांमुळे. प्रत्येक डिझाइन साइटवर जाण्याआधी शेडमध्ये उभे करायचे, असा आमचा नेम आहे. प्लायवूडची खोली, खऱ्या उंचीवर प्लायचे छत, खाली उतार देऊन काढलेली मोरी. जमिनीवर सरळ कडांचे रंगाचे रिकामे डबे ठेवायचे. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर उंची, त्यामुळे डब्यात फूटपट्टी बुडवली की दर चौरस मीटरला किती पाणी पडले ते थेट वाचता येते. दहा मिनिटांत साडेबावीस मिलिमीटर हवे. त्या दिवशी हेडवर अर्धा बार दाब ठेवला होता. खिडकीकडचे डबे भरले, मधले ठीक, दाराकडचे दोन्ही कोपरे कोरडे.

आणि कोरडे कुठले, तर दाराकडचे. तिथेच मीटरचा बोर्ड येणार, चपलांचे कपाट येणार, आणि घरातल्या माणसांनी बाहेर पडायचे तेही तिथूनच. घरातला स्प्रिंकलर माणूस वाचवण्यासाठी असतो. छताखाली साचणारा गरम धूर त्याने थंड ठेवायचा, भिंती ओल्या करायच्या आणि दारापर्यंत जायला माणसाला वेळ मिळवून द्यायचा. आमच्या डिझाइनमध्ये सोफा सुरक्षित होता आणि वाट आगीसमोर उघडी होती.

काकांनी तेव्हा विचारलेला प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे. “सर, हा पंखा मधोमध येणार हे कुणी सांगितलं?” मी म्हणालो, ड्रॉइंगवर आहे. ते म्हणाले, “ड्रॉइंगवर आहे, पण मावशींना विचारलंय का?”

विचारले नव्हते. रविवारी आम्ही तिघे काळाचौकीला गेलो.

मावशींची ती खोली भाड्याची असली तरी चाळीतल्या खोलीची मांडणी त्यांनी जशीच्या तशी उचलून आणली होती. खाट खिडकीला लागून, कारण वारा तिथे. पंखा खाटेवर. खिडकीजवळ छताला कप्प्या आणि दोऱ्यांवर चार काठ्या, कपडे वाळत घालायला. जून ते सप्टेंबर त्या काठ्या रिकाम्या नसतात. पूर्वेच्या भिंतीला देवघर, संध्याकाळी समई. दिवाळीत आकाशकंदील खिडकीच्या आत टांगायचा, कारण बाहेर वाऱ्याने फाटतो. “नव्या घरात पंखा कुठे हवा?” या प्रश्नावर त्यांनी मुलीकडे असे पाहिले, जणू हे काय विचारणे झाले. “खाटेवर. मधे कशाला? मधे कोण झोपतं?”

मग त्यांनी आम्हाला विचारले. समईच्या ज्योतीने ते वरचे फुटेल का? फोडणीच्या धुराने? आणि एक फुटले की घरभर सगळेच फुटतात ना, सिनेमात दाखवतात तसे? तिन्ही प्रश्न अगदी योग्य आहेत आणि घर ताब्यात घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतात. मुलीने पिशवीतून एक हेड काढून त्यांच्या हातावर ठेवले. मधली काचेची नळी इवलीशी, आत लाल द्रव. लाल म्हणजे 68 अंश सेल्सिअस. खोलीच्या छताजवळची हवा तेवढी तापली की द्रव फुगतो, नळी फुटते, टोपण पडते आणि पाणी सुटते. नारिंगी नळी 57 अंशांना, पिवळी 79 ला, हिरवी 93 ला. धुराचे त्याला काही कळत नाही, त्याला उष्णता कळते. उदबत्ती, धूप, फोडणी यांनी काही होत नाही. आणि प्रत्येक हेड आपले आपण फुटते. आग लागली त्या जागेवरचे एक किंवा दोन उघडतात, बाकीची गप्प राहतात. मावशींनी नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, “म्हणजे थर्मामीटरच की.” यापेक्षा सोपे सांगणे मला इतक्या वर्षांत जमले नव्हते.

त्या भेटीने ड्रॉइंग पुरते बदलले. पंखा आता खिडकीच्या भिंतीपासून 1.3 मीटरवर. पंख्याच्या पलीकडे, खिडकीलगत हेड ठेवणे कागदावर शक्य होते. पण तिथे काठ्या. हेडखाली निदान 45 सेंटिमीटर जागा मोकळी हवी, आणि पावसाळ्यात तिथे ओल्या साड्या आणि चादरी छताच्या हातभर खाली लोंबणार. पाणी कपड्यांवर पडेल आणि खाटेवर पोहोचणारच नाही. आणि काठ्या लावू नका म्हणून मावशींना सांगायचे, तर ते त्या ऐकणार नाहीत आणि त्यांचे बरोबर आहे. मुंबईच्या पावसात कपडे दुसरीकडे कुठे वाळवायचे? ज्या डिझाइनला चार महिने कपडे न धुणारे कुटुंब लागते ते डिझाइन नव्हेच.

म्हणून पहिले हेड पंख्याच्या अलीकडे, खिडकीच्या भिंतीपासून 2.25 मीटरवर. भिंतीची मर्यादा 2.3, ती पाळली गेली. पंख्याच्या मध्यापासून 95 सेंटिमीटर, तीही पाळली गेली. दुसरे हेड पहिल्यापासून दोन मीटरवर, दाराकडे. दोन मीटर का, तर हेडे फार जवळ असली की पहिल्याचे तुषार दुसऱ्याच्या नळीवर पडून तिला गार ठेवतात आणि ती फुटायची तेव्हा फुटत नाही. दाराची भिंत दुसऱ्या हेडपासून आता 63 सेंटिमीटरवर आली. ही मांडणी मुलीने आणि काकांनी जमिनीवर खडूने काढून, मापपट्टी सरकवत शोधली. संगणकावर ती कधीच सुचली नसती, असे मुलगीच म्हणाली.

दाबाचा हिशेब मात्र तिचाच. आणि तो काकांनी तिच्याकडून शिकून घेतला. आमच्या हेडचा के-गुणांक 80. दाबाचे वर्गमूळ काढा, ऐंशीने गुणा, मिनिटाला किती लिटर ते मिळते. एका बारला 80 लिटर. अर्ध्या बारला चाळीस नव्हे, सुमारे 57. आणि 0.35 बारला सुमारे 47, जे 21 चौरस मीटरवर 2.25 च्या हिशेबाने बरोबर पुरते. पाणी दुप्पट हवे तर दाब चौपट लागतो. काका दाब ‘किलो’त, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर किती किलो असा, मोजतात, बारमध्ये नाही. एक किलो म्हणजे जवळजवळ एक बारच. त्यांनी वहीत आपल्या भाषेत तक्ता करून घेतला: पाव किलोला चाळीस, अर्ध्या किलोला सत्तावन, एकाला ऐंशी, चाराला एकशे साठ.

इमारतीला गच्चीवर पंप होता आणि खाली मुख्य पंपखोली होती. तरी मी या जोडीला प्रश्न घातला तो असा: वीज गेली, पंप सुरूच झाला नाही, फक्त गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवर या घरात काय मिळेल? दहा मीटर उंची म्हणजे सुमारे एक बार. टाकीचा तळ या हेडपेक्षा आठ मीटर वर, म्हणजे 0.8 बार. हॉलची दोन्ही हेडे उघडली तर मिनिटाला किमान सुमारे 95 लिटर लागणार. मुलीने 25 मिलिमीटरचा पाइप धरला होता. सी क्लासच्या जाड पाइपात आतला व्यास सव्वीसच्याही आत येतो आणि एवढ्या पाण्याला त्यात दर मीटरला 0.05 बारच्या वर दाब घासून जातो. बेंड-टी (वळणे आणि फाटे) धरून दहा मीटर लांबी पकडली तर अर्धा बार तिथेच गेला. हेडवर 0.3 बारसुद्धा उरत नाही. नापास.

काका ते आकडे पाहण्याआधीच म्हणाले होते, “मॅडम, एक साइज वाढवा.” तिने विचारले, का? ते म्हणाले, “अंदाजानं.” मग 32 मिलिमीटरने पुन्हा हिशेब केला. दर मीटरला 0.013 बार, दहा मीटरला 0.13. हेडवर 0.67 उरले. साइज एकच वाढली आणि घर्षण चौथ्या हिश्श्यावर आले. काकांनी तो आकडा मोठ्याने वाचला. इतकी वर्षे मनात असलेली गोष्ट कागदावर उतरलेली पाहताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मला नीट लिहिता येणार नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या घराचा हिशेब त्यांनी एकट्याने केला.

पुन्हा प्लायची खोली, पुन्हा डबे. पंख्याच्या जागी चार फुटी प्लायची तबकडी छताखाली एक फुटावर टांगली. खरा पंखा पाण्यात चालवणे धोक्याचे, आणि तबकडी पात्यांपेक्षा जास्त अडवते, म्हणजे परीक्षा अधिक कडक. दहा मिनिटांनी दाराकडचे कोपरे उत्तम. खिडकीकडचे दोन डबे 24 आणि 27 मिलिमीटर. पास.

पण मुलगी या वेळी डब्यांपाशी थांबली नाही, खिडकीच्या भिंतीकडे गेली. जमिनीजवळ भिंत ओली होती, छताजवळ ओली होती आणि मधे सव्वा-दीड हाताहून रुंद पट्टा कोरडा. तबकडीची सावली. पडदा तिथेच येणार. डबे फक्त जमिनीचे सांगतात, भिंतीचे सांगत नाहीत, हे मी शिकवताना कधीच बोललो नव्हतो. पंखा आणखी वीस सेंटिमीटर खिडकीकडे सरकला तर सावली जवळजवळ निम्मी होते, असे तिने हेड, तबकडीची कड आणि भिंत यांमध्ये दोरी ताणून दाखवले. मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, “मग खाट सरकवू की. भिंतीला टेकवूनच ठेवते.”

प्रत्यक्ष घरातले काम काकांच्या हातचे होते आणि तिथे शिकायची पाळी मुलीची. तिला वाटायचे, हेड म्हणजे नळाची तोटी. शेडमध्ये तिने पहिले हेड पाइप पान्याने, काचेच्या नळीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून आवळले. काही झाले नाही असे वाटले. दुसऱ्या दिवशी नळीतला लाल रंग अर्ध्यावर उतरलेला. काचेला केसाएवढी चीर गेली होती. हेड टाकून द्यावे लागले. हेडसाठी त्याचा स्वतःचा पाना असतो, त्याच्या चौकटीतच धरायचे, दांड्यांना कधीच नाही. काकांनी तिच्याकडून तीच कृती वीस वेळा करून घेतली.

दुसरा प्रसंग छताचा. फॉल्स सीलिंग चार इंच खाली येणार, असे धरून काकांनी हेडसाठी खाली उतरणारे तुकडे कापले, आटे पाडले, बसवले. मग इंटिरियरच्या माणसाने कडेला लपवलेले दिवे हवेत म्हणून पीओपी सहा इंचांवर घेतली. हेड पीओपीच्या आत गेले. खालून पाहिले तर नुसते भोक दिसायचे. पीओपीवाल्याने ते भोकही बुजवून सफेदी मारायची तयारी केली होती. मुलगी त्या दिवशी सहज वर गेली म्हणून थांबले. घराघरांत मी हे पाहिले आहे. हेडवर रंग, हेडवर पुट्टी, हेडला अडकवलेली तोरणाची दोरी. रंग लागलेले हेड पुसून चालत नाही, बदलावेच लागते, कारण नळीवरचा रंग उष्णता उशिरा पोहोचवतो आणि टोपण चिकटवून ठेवतो. आम्ही तुकडे नव्याने कापले आणि तेव्हापासून नियम केला: पीओपीची पातळी भिंतीवर रेषा मारून, इंटिरियरवाल्याची सही घेऊन, मगच शेवटचा तुकडा कापायचा.

चाचणीचे थोडक्यात. घरगुती पाण्याच्या लाइनीला चार-पाच किलो दाब देऊन पाहायची सवय असलेल्या फिटरांना पंधरा बार आणि तेही दोन तास, हे जास्तच वाटते. हेडच्या जागी प्लग लावून दाब दिला. चाळीस मिनिटांनी काटा हलला. पॅसेजमधल्या एका एल्बोच्या (वळणावरच्या जोडाच्या) आट्यांवर थेंब होता. काकांनी तो उघडला, सुतळी-सफेदा नव्याने भरला, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणले. मुलगी म्हणाली, उरलेला वेळच मोजू. ते म्हणाले, “नाही ताई, पहिल्यापासून.” त्या दिवसापासून त्यांनी तिला मॅडम म्हणणे सोडले.

शिकाऊ माणसांची सही कुठेच चालत नाही, हेही त्यांना दाखवायला हवे होते. राज्याच्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 प्रमाणे यंत्रणा बसवल्याचे नमुना ‘अ’ प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाने (एजन्सीने) द्यायचे. पुढे दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, ती चालू स्थितीत असल्याचे नमुना ‘ब’. परवानाधारक अभिकरणाचे तपासनीस आले तेव्हा ड्रॉइंग समजावून सांगायला मी काकांना उभे केले. आतापर्यंत असे प्रश्न फिटरला कुणी विचारलेच नव्हते. ‘ब’ प्रमाणपत्राचा कागद पुढे सोसायटीनेच मिळवायचा असतो, आणि बिल्डर निघून गेल्यावर तिथेच ढिलाई होते. 22 ऑगस्ट 2018 ला परळच्या निवासी टॉवरमध्ये, 22 जानेवारी 2022 ला ताडदेवच्या वीस मजली इमारतीत आग लागली तेव्हा या शहरात पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला: इमारतीत बसवलेली यंत्रणा त्या वेळी चालत होती का? मी या दोन्ही तारखा प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगतो. आता त्यांच्या जोडीला मी हेही सांगतो की बसवणारा माणूस घरात राहणाऱ्याशी बोलला नसेल, तर पंप चालूनही दाराचा कोपरा कोरडा राहू शकतो.

या प्रकरणानंतर अभ्यासक्रमात एक बदल केला. पूर्वी पहिला आठवडा सूत्रांचा होता. आता पहिल्या आठवड्यात जोडी घरी जाते आणि कोऱ्या कागदावर फक्त लाल पेन्सिलीने सात गोष्टी काढते: पंखा, खाट, काठ्या, देवघर, शेगडी, माळा, दार. स्प्रिंकलर त्या कागदावर अजून नसतो. निळ्या पेन्सिलीने तो नंतर येतो. काही डिप्लोमावाल्यांना हे वेळ घालवणे वाटते. फिटरांना कधी वाटले नाही.

या घराची बेडरूम अजून अडलेली आहे. मावशींच्या सुनेला तिथे भिंतभर माळा हवा आहे, दरवाजाच्या वरून थेट समोरच्या भिंतीपर्यंत. माळा आला की मधल्या हेडची अर्धी फेक त्याच्यावरच्या गाद्या-गोधड्यांत जाणार. भिंतीतून आडवे फेकणारे हेड घेतले तर माळ्याच्या खालची जागा भिजते, वरची नाही. आणि आधी पेटेल ती वरचीच, कारण बल्बची वायर तिथून जाते. मुलगी माळा भिंतीपासून दोन फुटांऐवजी दीड फूटच पुढे आणता येईल का, हे विचारायला येत्या रविवारी जाणार आहे. काकांनी सुतारालाही बोलावले आहे.